खोल्याच्या मिरचीचे बी आणि फोंड्यातला वाफा : घरगुती लागवडीतील मर रोगाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहते. त्यांच्या संमतीने, नावगाव वगळून ही हकिगत मांडली आहे. घरात चौघे जण : आजी, मुलगा, सून आणि शाळकरी नात. घर कौलारू, पुढे अंगण, मागे परस. परसात माड, केळी, बिमलीचे एक झाड आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून भाजीचा वाफा. मोरीचे पाणी पाटाने केळींकडे जाते आणि वाटेत या वाफ्याच्या कडेने झिरपते. गोव्यातल्या बहुतेक जुन्या घरांत पाण्याची सोय अशीच असते.

आजींचे माहेर काणकोण तालुक्यातल्या खोल्याचे. तिथली मिरची पावसाळ्यात, डोंगरउतारावर, निव्वळ पावसाच्या पाण्यावर होते. लालभडक, बेताची तिखट, लोणच्यात आणि रेशाद मसाल्यात रंग धरणारी अशी तिची ओळख, आणि 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. मिरची गोव्यात आली ती सोळाव्या शतकात, पोर्तुगिजांबरोबर. त्यानंतरच्या पिढ्यांनी दरवर्षी चांगल्या फळांचे बी बाजूला काढत आपापल्या गावाचे वाण घडवले. खोल्याचे तसे, हरमलचेही तसेच. हे काम कुणा प्रयोगशाळेने केलेले नाही. ते घराघरांतल्या बायकांनी केले. म्हणूनच आजींच्या डब्यातल्या बियांचे मोल बाजारातल्या पाकिटाएवढेच धरता येत नाही.

आजींच्या माहेरची शेती आता कुणी करत नाही. भावाने शेवटच्या हंगामात दिलेल्या बियांची पुडी त्यांच्याकडे होती, शंभराच्या आसपास बिया. साध्या हवेत ठेवलेले मिरचीचे बी दोनेक वर्षांनी झपाट्याने उगवण गमावू लागते, आणि गोव्याच्या दमट हवेत तर त्याआधीच. ‘आता पेरले नाही तर हे बी संपले,’ असे आजी म्हणाल्या. ते खरेच होते.

पहिला हंगाम आणि अडचण

मे महिन्यात सूनबाईंनी निम्म्याहून थोड्या कमी बिया कुंडीत पेरल्या. सगळे बी एकदम मातीत घालायचे नाही, हा आग्रह त्यांचा. आजींना तो तेव्हा पटला नव्हता. पुढे घडले त्यात या एका आग्रहाने सगळा फरक पडला, म्हणून तो इथे आधीच नोंदवतो.

जूनच्या अखेरीस बावीस रोपे वाफ्यात गेली. जुलैभर ती जोमात होती. मग पावसाने चार दिवस उघडीप दिली, ऊन पडले, आणि एका दुपारी एक रोप मान टाकून उभे दिसले. संध्याकाळी ते सावरले. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ते सावरले नाही. पाने हिरवीच होती, पिवळी पडली नव्हती, कुठे डाग नव्हता, किडीने खाल्ल्याची खूण नव्हती. अख्खे रोप उकडल्यासारखे लोंबत होते.

घरातल्यांनी पाणी जास्त झाले असे धरून वाफ्याला चर काढला. पुढच्या आठवड्यात आणखी तीन रोपे गेली. मुलाने खताच्या दुकानात विचारले. तिथून बुरशीनाशकाची पूड मिळाली, ती आळवणीसारखी बुडाशी ओतली. दुकानदाराने दुसऱ्या खेपेला अँटिबायोटिक पूड दिली, तीही घालून झाली. रोपे मरायची थांबली नाहीत. चतुर्थीपर्यंत बावीसपैकी चौदा गेली. मला बोलावणे आले ते तेव्हा.

निदान

या प्रकरणात सर्वांत मोलाचे काम पाच मिनिटांचे होते. ते सविस्तर सांगतो, कारण कोणालाही घरी करता येते.

मिरची अचानक कोमेजण्याची गोव्यातल्या पावसाळ्यात तीन-चार कारणे असतात. नुसते पाणी साचून मुळे गुदमरली तर पाने आधी पिवळी पडतात, आणि पाणी निघून गेले की काही रोपे सावरतात. फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूने बुंधा कुजला तर जमिनीलगत काळपट, ओलसर पट्टा दिसतो. फ्युजॅरियम बुरशीची मर खालच्या पानांपासून हळूहळू पिवळी पडत वर चढते. चौथी जिवाणूजन्य मर. राल्स्टोनिया नावाचा मातीतला जिवाणू मुळांच्या जखमांतून शिरतो, खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि त्या तुंबवतो. मुळाशी पाणी असते, पण पानापर्यंत ते पोहोचत नाही. म्हणून पान पिवळे व्हायला वेळच मिळत नाही, ते हिरवेच मरते.

नुकतेच कोमेजू लागलेले एक रोप उपटले. जमिनीच्या वरून बोटभर लांबीचा खोडाचा तुकडा धारदार सुरीने कापला आणि स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात, कापलेले टोक पाण्यात बुडेल असा दोऱ्याने टांगला. पेला खिडकीत, उजेडाकडे ठेवला. तीनेक मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढुरका धागा सरळ खाली उतरू लागला. तो जिवाणूंचा स्राव. बुरशीच्या मरीत असा धागा येत नाही. शंका राहू नये म्हणून अंगणातल्या कुंडीतल्या निरोगी मिरचीचा तुकडा दुसऱ्या पेल्यात टांगला. तिथले पाणी नितळ राहिले. नातीने दोन्ही पेले शेजारी ठेवून बघितले, आणि घरात सगळ्यांना एकदम कळले की बुरशीनाशकाचा इथे काही उपयोग नव्हता.

मग मागची हकिगत निघाली. दोन वर्षांपूर्वी याच वाफ्यात बाजारातून आणलेली वांग्याची आणि टोमॅटोची रोपे लावली होती. तीही अशीच गेली होती, आणि ‘पाणी जास्त झाले’ म्हणून विषय संपला होता. हा जिवाणू वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची या सगळ्या कुळावर जगतो आणि पीक नसतानाही मातीत वर्षानुवर्षे टिकतो. उबदार, ओली, आम्ल माती त्याला मानवते. गोव्याची जांभ्याची माती बहुधा आम्लच असते. शिवाय मोरीच्या पाण्याने इथली माती उन्हाळ्यातही वाळत नव्हती. खोल्याच्या उतारावर पाणी ठरत नाही. मिरची तीच असली तरी इथे तिला सपाट, सतत ओली जमीन मिळाली होती.

तोललेले पर्याय

वाफ्यात आठ रोपे जिवंत होती आणि डब्यात साठेक बिया. दोन प्रश्न होते : या आठ रोपांचे काय, आणि पुढची पेरणी कुठे.

आठ रोपे मातीसकट उचलून कुंड्यांत हलवावीत, ही आजींची पहिली इच्छा. माया समजण्यासारखी होती. पण दिसायला निरोगी रोपातही जिवाणू शिरलेला असू शकतो, आणि मुळांभोवतीची माती म्हणजे रोगाचीच माती. रोपे हलवताना मुळे तुटतात, म्हणजे जिवाणूला नवी दारे. कुंडीही बाद, रोपही बाद. हा पर्याय सोडला.

मुलाचा विचार अँटिबायोटिकची मात्रा वाढवण्याचा होता. जिवाणू खोडाच्या नळ्यांत असतो. बुडाशी ओतलेले औषध तिथे पुरेसे पोहोचत नाही, आणि मातीत तर ते विरूनच जाते. ज्या वाफ्यातली मिरची आपण हुमणात घालणार, तिथे असली औषधे वारंवार ओतणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही, हे मी स्पष्ट सांगितले.

कलमाचा पर्याय सूनबाईंच्या ओळखीच्या एका बागायतदाराने सुचवला. वांग्याची आणि टोमॅटोची कलमे रानवांग्याच्या, म्हणजे सोलॅनम टॉर्वमच्या, खुंटावर करून मर टाळतात, हे खरे आहे. पण मिरचीचा त्या खुंटावर सांधा नीट जुळत नाही. मिरचीला खुंट मिरचीचाच लागतो. केरळ कृषी विद्यापीठाच्या उज्ज्वला, अनुग्रह या मिरच्या जिवाणूजन्य मरीला दाद देत नाहीत, आणि तशा मिरचीचा खुंट वापरता येतो. पण मिरचीच्या कोवळ्या रोपाचे कलम करायला हात सरावलेला हवा, कलमांना काही दिवस दमट, सावलीतली जागा हवी. साठ बियांच्या जोरावर हे शिकायला घेणे धोक्याचे होते.

थेट उज्ज्वला किंवा अनुग्रह लावणे हा सर्वांत सोपा मार्ग. घरच्या मिरचीची गरज त्याने भागली असती. आजी एवढेच म्हणाल्या, “मिरची बाजारात मिळते गं. मला हे बी राखायचे आहे.” यानंतर खरे उद्दिष्ट काय हे सगळ्यांना स्पष्ट झाले. तोवर घरात प्रत्येक जण वेगळ्या गोष्टीसाठी धडपडत होता : मुलगा वाफा वाचवायला, सून रोपे वाचवायला, आजी बी वाचवायला. माझ्या मते प्रकरणाला वळण मिळाले ते इथे. बी राखायचे ठरल्यावर वाफा सोडून देणे कोणाला जड गेले नाही.

उरला तो पर्याय : आठ रोपे जागच्या जागी ठेवून मिळतील तेवढ्या फळांचे बी घ्यायचे, आणि पुढची लागवड नव्या मातीत, जमिनीपासून तोडून, पिशव्यांत करायची.

काय केले

मेलेली रोपे मुळांसकट काढून जाळली. खतखड्ड्यात टाकली नाहीत. वाफ्याचे खुरपे वेगळे ठेवले, दुसरीकडे वापरायचेच झाले तर धुऊन, स्पिरिटने पुसून. मोरीचे पाणी पाइपने थेट केळींच्या आळ्यात सोडले.

उरलेल्या आठ रोपांवर उमलण्याआधीच्या कळ्यांना पातळ मलमलच्या पिशव्या बांधल्या. मिरचीचे फूल स्वतःच्या परागावर फळते, पण मधमाश्या आणि इतर कीटक दुसऱ्या मिरचीचा परागही सहज आणून टाकतात. शेजारच्या परसात ज्वाला जातीची मिरची होती. झाकल्याशिवाय धरलेल्या फळाचे बी खोल्याचेच निघेल, याची खात्री देता आली नसती. रोज सकाळी फांदीला हलकी टिचकी मारायची, म्हणजे पिशवीच्या आतच पराग झडतो. फळ धरले की पिशवी काढून त्या देठाला लाल दोरा. आठांतली पाच रोपे पुढे मेलीच. तिघांनी पिकलेली, दोरा बांधलेली फळे दिली. त्यांचे बी सावलीत वाळवले.

ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर, जुन्या पुडीतल्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण पाहिली. सहा फुटल्या. तेवढा अंदाज आल्यावर वीस बिया ट्रेमध्ये, धुतलेल्या कोकोपीटमध्ये पेरल्या. कोकोपीट म्हणजे काथ्याचा भुसा. त्यात खार असतो, म्हणून तो दोन-तीनदा धुणे आवश्यक. पिशव्यांसाठी माती परसातली नाही, तर टेकडीवरच्या, जिथे कधी भाजी झालेली नाही अशा जागेतली आणली. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, एक भाग कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड आणि आम्लता उतरवायला थोडा चुना. मिरचीला मातीचा सामू (पीएच) सहा ते सातच्या दरम्यान मानवतो.

पिशव्या अंगणात, जांभ्याच्या चिऱ्यांच्या दोन थरांवर ठेवल्या. हे चिरे दिखाव्यासाठी नव्हते. पावसाचे पाणी परसातून अंगणाकडे वाहते आणि त्याबरोबर रोगाची मातीही. पिशवी जमिनीवर टेकवली असती तर खालच्या भोकांतून तीच माती मुळांना भेटली असती.

दरम्यान वाफ्याचाही एक निर्णय झाला. मे महिन्यात तो भिजवून पारदर्शक प्लॅस्टिकने महिन्याहून जास्त झाकून ठेवला, म्हणजे उन्हाने माती तापावी. यावर मुलाचा भरवसा होता, माझा बेताचा. वरची वीतभर माती तापते, खोलवरचा जिवाणू तग धरतो. वाद घालण्यापेक्षा जूनमध्ये त्या वाफ्यात बाजारातली स्वस्त टोमॅटोची सहा रोपे लावून पाहायचे ठरले. घरचे एकही बी तिथे टाकायचे नाही.

मधली एक अडचण

जानेवारीत पिशव्यांतल्या रोपांची शेंड्याची पाने आकसली. शेजाऱ्यांनी ‘चुरडा-मुरडा, व्हायरस आहे, सगळी उपटा’ असा सल्ला दिला. भिंगाने पाहिले तर बहुतेक रोपांची पाने कडांनी वर वळलेली आणि खाली फिकट, लांबट फुलकिडे. दोन रोपांची पाने मात्र खाली वळून देठ लांबलेले. ती पिवळ्या कोळीची खूण. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या विषाणूत पाने लहान, पिवळट, शिरा जाड अशी होतात आणि रोप खुजे राहते. तसे इथे दिसले नाही. पानांच्या खालून पाण्याचा फवारा, संध्याकाळी साबणासह निंबोळी तेल, आणि कोळीच्या दोन रोपांवर पाण्यात विरघळणारे गंधक. तीन आठवड्यांत नवे शेंडे सरळ आले. उपटून टाकली असती तर हंगाम तिथेच संपला असता.

निष्पत्ती

ट्रेमधल्या वीसपैकी अकरा बिया उगवल्या, त्यातली नऊ रोपे पिशव्यांत टिकली. एकही मरीने गेले नाही. फळे डोंगरावरच्या झाडापेक्षा कमी धरली, आणि मार्चच्या उन्हात बरीच फुले गळली. आजींनी पहिली लाल मिरची फोडून पाहिली, रंग ओळखला, तिखटपणा मात्र ‘थोडा चढा’ म्हणाल्या. कोरड्या दिवसांत पाण्याचा ताण पडला की मिरची अधिक तिखट होऊ शकते. हे पीक पावसाळ्याऐवजी उन्हाळ्याकडे गेले होते.

पिशव्या बांधून धरलेल्या फळांचे बी पुढच्या वर्षांना पुरेल इतके मिळाले. कढईत कोरडे भाजून गार केलेले तांदूळ तळाशी, वर कागदाच्या पुड्या, घट्ट झाकणाची बरणी, आणि बरणी फ्रिजमध्ये. प्रत्येक पुडीवर महिना, वर्ष आणि झाडाची खूण.

वाफ्यातल्या टोमॅटोंचे काय झाले? जुलैच्या मध्यापर्यंत सहाही उभे होते आणि मुलाला आशा वाटू लागली होती. श्रावणाच्या सुमारास चार मेले. पेल्यात पुन्हा तोच पांढरा धागा. सहा स्वस्त रोपांनी वाफ्याचा निकाल दिला. ही जागा आजींच्या बियांनी तपासली असती तर किंमत वेगळी मोजावी लागली असती.

काय वेगळे करता आले असते

पेल्याची तपासणी पहिल्याच रोपावर व्हायला हवी होती. तेव्हा एकवीस रोपे उभी होती. रोग ओळखून त्यांच्यावर कळ्या बांधणे सुरू केले असते तर बी तिघांऐवजी कितीतरी अधिक झाडांचे आले असते. थोड्या झाडांचे बी घेतले की वाणातली विविधता आकसते, आणि ही हानी पुढच्या काळजीने भरून निघत नाही. आजही या घराच्या बियांची ती उणीव आहे.

त्याआधीचा टप्पा वांग्या-टोमॅटोचा. दोन वर्षांपूर्वी ती रोपे हिरवीच मेली तेव्हा कुणी एक तुकडा पाण्यात टांगला असता, तर मिरची त्या वाफ्यात गेलीच नसती. फोंड्याहून जुने गोवे लांब नाही. तिथल्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेत किंवा विभागीय कृषी कार्यालयात रोगट रोप दाखवता येते. दुकानात लक्षणे सांगितली की हातात पूड येते, रोप दाखवले की आधी प्रश्न येतात. हा फरक मी अनेक घरांत पाहिला आहे.

बी एकाच घरात ठेवणे हीदेखील मोठी जोखीम होती. आता निम्म्या पुड्या काणकोणला, आजींच्या मावसबहिणीच्या सुनेकडे गेल्या आहेत. तिच्याकडे उताराची जमीन आहे आणि तिने पावसाळी लागवड सुरू केली आहे. तिच्या झाडांवरही कळ्या बांधल्या जातात की नाही, हे सूनबाई दर आठवड्याला फोनवर विचारतात, आणि माझ्या मते ते विचारत राहिले पाहिजे. झाकलेल्या फळाचे बी नसेल तर त्याची पुडी वेगळी, असे दोघींत ठरले आहे.

परसातल्या वाफ्यात आता मका आणि तांबडी भाजी आहे. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा या कुळातले काहीही तिथे निदान तीन वर्षे लावायचे नाही. त्यानंतर पुन्हा आधी सहा टोमॅटो.